मोठं आकर्षण लवकरच

आमच्या शेजारच्या नारूअण्णाचं झू बघायचं असेल तर मागच्या दाराने चढावं लागतं. पुढचं दार फक्त उतरायला. कुणी चुकून पुढच्या दाराने शिरलाच, तर नारूअण्णा गळ्यातली शिट्टी अशी फुंकतो की तो माणूस जागच्या जागी थिजतो आणि माझ्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाईच्या डोक्यावरचा डबा हलतो. मग त्या माणसाला कुंपणाला वळसा घालून मागे नेण्यात येतं. तिथे नारूअण्णा फणसाचं एक पान तोडतो, खिशातल्या जुन्या पंचने त्याला भोक पाडतो आणि माणसाच्या हातात देतो. हे तिकीट. झू फुकट आहे, पण बिनतिकिटाचं कुणाला आत सोडत नाहीत. पान हातात पडलं की आरोळी होते, "पुढं सरका, पुढं सरका, जागा हाय! रैट, होगली!" होगली म्हणजे कानडीत, जाऊ दे गाडी.

एवढे सगळे सोपस्कार करून माणूस आत जातो आणि त्याला काय दिसतं? कोंबडी.

विशेष कोंबडी असती तर मी काही बोलले नसते. पण ही साधी, तांबडी, मान उघडी पडलेली गावठी कोंबडी. तिला जाळीचा पिंजरा, वर पत्रा, आणि पुढे निळ्या रंगात पाटी : 'स्थानिक विभाग. कोंबडी (मादी). आहार : भात, किडे, मिळेल ते.' ज्या रामनगरात कोंबडी पायात येते म्हणून माणसं ठेचकाळतात, तिथे हा गृहस्थ कोंबडीला पाटी लावून लोकांना बोलावतो.

माझं नाव सुमन, पण गावात मला गिरणवाली म्हणतात. माहेर खानापूरकडचं. नवरा गेल्यापासून पिठाची गिरण मीच चालवते. मला तोंड आहे आणि ते मी वापरते, हे रामनगरात कुणालाही विचारा. माझ्या गिरणीची मागची भिंत आणि नारूअण्णाच्या झूचं कुंपण एकच. तेव्हा त्याच्याविषयी बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही.

नारूअण्णाने सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. त्यातली बरीच वर्षं एकाच गाडीवर. रामनगरहून जोयड्याला आणि तिथून जंगलातून उंबरवाड्याला मुक्कामी जाणारी ती गाडी. उंबरवाडा हेच त्याचं मूळ गाव. बाकीचे कंडक्टर त्या रस्त्याचं नाव काढलं की आजारी पडायचे. हा मात्र ड्यूटी मागून घ्यायचा, कारण मुक्कामाला जेवण थोरल्या बहिणीच्या हातचं मिळायचं. पुढे उंबरवाड्यातली घरं पोरांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी एकेक करून खाली उतरली. गाडीत चढायला कुणी उरलं नाही, म्हणून गाडी बंद झाली. त्याच सुमाराला अण्णा रिटायर झाला. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

रिटायर झालेली माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, राजकारण बोलतात, फार तर सुनेशी भांडतात. ह्याने झू काढलं. खाकी शर्ट तोच, शिट्टी तीच, पंच तोच. प्रवासी तेवढे बदलले. सकाळी सहा वाजले की झू उघडल्याची शिट्टी होते. आत एक कोंबडी आणि एक मांजर, पण शिट्टी अशी, की सगळं बसस्टँड जागं व्हावं. त्या शिट्टीने माझी झोप कितीदा मोडली, ह्याचा हिशेब देव करील.

मांजर 'निशाचर विभागा'त आहे. ते दिवसभर पोत्यावर झोपतं. पाटी अशी : 'निशाचर प्राणी. झोपलेले असल्यास उठवू नये.' गोव्याला जाणाऱ्या, दांडेलीकडे वळणाऱ्या गाड्यांमधली माणसं रस्त्यावर 'झू' अशी पाटी बघून थांबतात. चष्मे लावून, मोबाइल सरसावून आत जातात आणि झोपलेल्या मांजरापुढे उभी राहतात. एकदा हुबळीकडचं एक कुटुंब आलं होतं. सगळं बघून झाल्यावर त्यातल्या आजोबांनी कानडीत विचारलं, वाघ कुठे आहे? नारूअण्णाने मागच्या डोंगराकडे बोट केलं. "वाघ तितं हाय, जंगलात. तो सुटा असतोय. बांधल्यात ते एवढेच." आजोबांनी हातातल्या फणसाच्या पानाकडे बघितलं आणि ते पुढच्या दाराने उतरले.

'जलचर विभाग' म्हणजे सिमेंटची टाकी. पावसाळ्यात तिच्यात बेडूक आपणहून येतात आणि फुकट काम करतात. उन्हाळ्यात टाकी आटते. तेव्हा पाटीवर खडूने लिहिलेलं असतं, 'जलचर रजेवर.' हे वाचून लोक हसतात. नारूअण्णा हसत नाही. रजा ही त्याच्या लेखी गंभीर गोष्ट आहे.

इथवर मी सहन केलं. पण झूला वाढायचं असतं म्हणे. एक दिवस हा बेळगावच्या बाजारातून टर्की घेऊन आला आणि 'विदेशी विभागा'चं उद्घाटन झालं. नारळ मला फोडायला लावला. तो टर्की म्हणजे लाल गळपट्ट्याचा, छाती काढून चालणारा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिल्यासारखा पक्षी. माझ्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की तो तिकडून गुडगुड ओरडायचा. त्याला बहुतेक वाटत असावं, की भिंतीपलीकडे त्याच्याच जातीचं कुणीतरी मोठं आहे. मी मोटर बंद केली की तोही गप्प. एक दिवस त्याने कुंपणावरून उडी मारली आणि एका बाईच्या दळून ठेवलेल्या नाचणीच्या पिठात जाऊन बसला. ती बाई किंचाळली. मी झाडू घेतला.

"वैनी, विदेशी पाव्हणा हाय," नारूअण्णा धावत आला, "जरा समजून घ्या की."

"विदेशी असू दे न्हाईतर देशी. परत पिठात बसला तर चुलीवर चढवीन!"

त्याने टर्कीला काखेत घेतलं, पंखांवरचं पीठ झटकलं आणि जाताना त्यालाच समजावत होता, "मधल्या स्टॉपला उतरायचं न्हाई, सांगितलं हुतं न्हवं?"

झूची बातमी फिरत फिरत जंगल खात्यापर्यंत गेली. एक दिवस गार्ड आला. मी गिरणीच्या मागच्या खिडकीत जागा धरली. म्हटलं, आज ह्याची गाडी डेपोत जमा. गार्डने पिंजरे तपासले. कोंबडी बघितली, मांजर बघितलं, दोन सशांपुढे जरा थांबला, पण ते पांढरे होते आणि बाजारातून आणलेले होते. टर्कीला बघून तो एक पाऊल मागे सरला. शेवटी म्हणाला, "वन्यप्राणी कुठं आहेत?" नारूअण्णा म्हणाला, "ते तुमच्याकडं. आमच्याकडं घरचे." गार्डने टोपी काढून डोकं खाजवलं. कोंबडी पाळणं गुन्हा नाही, आणि तिला पाटी लावणं हाही गुन्हा नाही. जाताना नारूअण्णाने त्याच्याकडूनही पान परत मागून घेतलं, कारण एका पानावर एकच फेरी.

आता खरी गंमत सांगते. टर्की, ससे आणि बेडूक सोडले, तर ह्या झूतला एकेक प्राणी त्याच्या बहिणीच्या गोठ्यातला आहे. पार्वतीआक्का उंबरवाड्यात राहते. सगळं गाव खाली आलं, ती आली नाही. एकटी. अण्णा अधूनमधून भाड्याची पिकअप करून तिच्याकडे जातो आणि येताना एक जनावर घेऊन येतो. रस्त्यावरून येतानाच शिट्टी सुरू. "नवीन प्राणी! नवीन प्राणी!" लोक धावत येतात आणि बघतात तो काय, शेळी.

त्या शेळीची कथा तर सगळ्या रामनगराने बघितली. आपल्याकडे जनावर कुणाला दिलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं गोठ्यात राहिलं की गोठा रिकामा होत नाही, असं जुनी माणसं मानतात. नेणाऱ्याने आपली दोरी आणायची. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण नारूअण्णा पंच विसरत नाही, शिट्टी विसरत नाही, दोरी मात्र दर वेळी विसरतो. आणि आक्का अशी कडक की भाऊ असला म्हणून काय झालं, दावं सोडून खुंटीला टांगलं म्हणजे टांगलं. मग मांजर टॉवेलात गुंडाळून यायचं, कोंबडा सिमेंटच्या पोत्याच्या सुतळीने बांधून, कालवड रानातल्या वेलीने. शेळीच्या वेळी काहीच सापडलं नाही, तेव्हा ह्याने कमरेचा पट्टा काढून तिच्या गळ्यात घातला. पिकअपमधून उतरून भर बाजारातून नारूअण्णा चालला आहे, एका हातात शेळी, दुसऱ्या हाताने पँट धरलेली, आणि तोंडात शिट्टी. ती वाजवायला हात लागत नाही, म्हणून तेवढी वाजत होती.

तर असं हे झू. त्याच्या मागच्या बाजूला, अगदी माझ्या भिंतीला लागून, गेल्या वर्षी ह्याने एक मोठं आवार घातलं. चांगले जाड खांब, वर कौलं, आत पाण्याची दगडी डोणी. पाटी : 'मोठं आकर्षण. लवकरच.' गावात पैजा लागल्या. कुणी म्हणे उंट, कुणी म्हणे घोडा. विचारलं की हा म्हणायचा, "सुटलंय तिथनं. वाटंत हाय." वर्ष झालं तरी आवार रिकामं. लोक रिकामं आवारसुद्धा बघायचे आणि त्याचेही फोटो काढायचे. माणसाला पाटी दिसली की पुरे.

पुढे त्या आवाराशेजारी एक खोली उभी राहू लागली. हे काय, विचारलं, तर म्हणे, किपर क्वार्टर. म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्याची राहायची जागा. मी कपाळाला हात लावला. हा स्वतः एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवून खातो आणि कोंबडीच्या नोकराला बंगला बांधतो! मी जाऊन बघून आले. आत जमिनीलगत मातीची चूल घातलेली. आता हा नोकर चुलीवर कुणाचा स्वयंपाक करणार, टर्कीचा? भिंतीला ओळीने लाकडी खुंट्या. एवढ्या खुंट्यांना टांगायला शर्ट आहेत असा नोकर मी तरी बघितलेला नाही.

मे महिना सरत आला होता. त्या दिवशी गिरणीत गर्दी होती आणि भिंतीवर पलीकडून ठोकाठोक चाललेली. पीठ चाळणीत पडायच्या आधी माझ्या डोळ्यांत पडत होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मोटर बंद केली आणि पुढच्या दाराने आत शिरले. शिट्टी झाली नाही. नारूअण्णा त्या खोलीत एकटाच बसून शेवटची खुंटी ठोकत होता.

"अण्णा, माझी भित पाडून झू वाढवणार काय?" मी सुरू झाले. "कशापायी चाललंय हे सगळं? कोन बघतंय तुमची कोंबडी? लोक हसत्यात तुमाला, ठावं हाय?"

"हसू देत की."

"आनि हे मोठं आकर्षण म्हंजे हाय तरी काय?"

"म्हस," तो म्हणाला.

म्हैस? मी पुन्हा तोंड उघडलं.

"वैनी, सुम्म गप बसा जरा. सांगतो." त्याने हातोडी खाली ठेवली. "हे झू म्हंजे काय झू न्हवं."

"ते मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय."

"आक्का तितं एकटी हाय. सगळ्या उंबरवाड्यात एकच चूल पेटती. गेल्या पावसात वढ्याला पानी आलं, वाट बंद. तिला ताप आला. आला कवा, उतरला कवा, मला कळलं गणपतीला. गुडघा तर कामातनं गेलाय. 'चल खाली' म्हटलं की म्हंती, 'माझी ढोरं टाकून यिऊ?' बरं, ढोरं घिऊन ये म्हटलं, तर म्हंती, 'तुज्या खोलीत तूच मावतोस का, बघ आदी.'" त्याने ठोकलेली खुंटी हलवून बघितली. "मग म्हटलं, एकेक करून जनावरंच खाली आनू. झूला पायजे म्हटलं की न्हाई म्हनत न्हाई ती. वर कायबी उरलं न्हाई, तर ऱ्हाईल कुनासाठी? आता एक म्हस उरली. गवरी. ती आली की मागनं आक्का ईल. हे सगळं त्याच्यासाठी हाय. पर तिला सांगू नका."

बहिणीला घरी आणायला ह्या माणसाने आधी कोंबडी आणली, मग मांजर, मग शेळी. त्यांना पिंजरे, पिंजऱ्यांना पाट्या, पाट्यांना विभाग. आणि बहिणीला कळू नये म्हणून बेळगावहून टर्की!

"अवो, सरळ सांगा की तिला. 'आक्का, मला काळजी वाटती, ये.' एवढं म्हनायला काय जातंय?"

"थोरली हाय ती. तिला मी काय सांगायचं?" तो म्हणाला. "आनि पॅसेंजरला हात धरून वढता येत न्हाई, वैनी. गाडी हुबी करायची, 'जागा हाय' म्हनायचं. चढायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघायचं."

मग त्याने खरं काम सांगितलं. पावसाच्या आधी म्हैस आणायला जायचं आहे आणि मी बरोबर यावं. का? "तुमचं तोंड चालतंय. माझं तिच्याम्होरं चालत न्हाई." असं आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लाइट जाणार होती, गिरण बंदच राहणार होती. म्हटलं, चला.

पिकअपमध्ये पुढे ड्रायव्हर, मधे मी, दाराशी नारूअण्णा. जोयडा मागे पडलं, जंगल सुरू झालं, आणि ह्याने सुरुवात केली. जिथे जिथे पूर्वी गाडी थांबायची, तिथे तिथे शिट्टी. ड्रायव्हर बिचारा दर वेळी ब्रेक मारायचा. बाहेर बघावं तर मोडकं शेड, नाहीतर नुसता दगडाचा पार, माणूस एक नाही. अण्णा मान बाहेर काढून मागे बघायचा, कुणी धावत येतंय का ते. मग म्हणायचा, "रैट." असं दर स्टॉपला. मी हसणार होते, पण तिसऱ्या-चौथ्या स्टॉपपासून मला हसू येईना, आणि त्याचाही मला राग आला.

आक्काचं घर वाटेच्या अगदी शेवटाला. बाई ठेंगणी, काटक, कुणबी पद्धतीने लुगडं नेसलेली. "कंडक्टर आला गे!" असं तिने कुणाला तरी ओरडून सांगितलं. ऐकायला फक्त म्हैस होती. असं मला वाटलं, पण आम्ही गोठ्यात डोकावलो आणि नारूअण्णाचा चेहराच उतरला. गोठा भरलेला! दोन शेळ्या, त्यांची करडं, एक कालवड, टोपलीखाली बसवलेल्या कोंबड्या, पिल्लांचा नुसता चिवचिवाट.

"आक्का, ही कुठली?"

"तुज्या झूची!" आक्काने छाती काढून सांगितलं. उंबरवाड्याकडच्या बायकाही 'करतोय', 'आलो' असंच बोलतात. "तू येकेक न्हेतोस, मी येकाचे दोन करतोय. ती तांबडी लई गुणाची हाय, तिला म्होरच्या पिंजऱ्यात घाल."

नारूअण्णा बाहेर जाऊन पिकअपला टेकून उभा राहिला. मला आक्काने चुलीपुढे बसवलं, उकडलेला कंद पुढे ठेवला. उठताना तिने खांब धरला, बसताना पुन्हा खांब धरला. समोरच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक दावं. झूत गेलेल्या शेळीचं, कालवडीचं, कोंबड्याची पायातली दोरीसुद्धा. रामनगरच्या त्या खोलीतल्या खुंट्यांची ओळ मला आठवली.

"तू शेजारीन न्हवं त्याची?" आक्काने आवाज खाली आणला. "जेवतो का गे वेळेवर?"

"जेवत्यात. शिट्टी पन वाजवत्यात."

"वाजवू दी." तिने पदराने तोंड पुसलं. "बायको गेली, मग गाडी गेली. तवा हितं यिऊन पडवीत बसायचा आनि त्या स्टॉपाकडं बगत ऱ्हायचा. तोंडातनं शबुद न्हाई. ताट तसंच ऱ्हायचं. मग ते झूचं याड लागलं आनि मानूस पुन्ना बोलाय लागला. माजं काय, बाई? ह्या गुडघ्यानं वढ्यावर जायाला हुईना. मी कवाच खाली आलो असतो. पर मी आलो तर त्याच्या झूला जनावरं कोन देनार? झू मोडलं की परत तसाच बसंल. म्हनून ऱ्हातोय हितं. त्याला सांगू नको हां."

आता तुम्हीच सांगा. गिरणीत बसून मी रोज माणसांचा मूर्खपणा ऐकते. सुना सासवांचं सांगतात, सासवा सुनांचं सांगतात. पण असा मूर्खपणा माझ्या कानावर कधी आला नव्हता. हा तिला आणायला जनावरं नेतो आहे, आणि ती ह्याला जनावरं पुरवायची म्हणून जंगलात राहते आहे. हा जेवढी नेईल तेवढी ती वाढवणार, ती वाढवील तेवढे ह्याचे पिंजरे वाढणार. पाऊस तोंडावर आला होता. ओढा भरला की पुन्हा गणपतीपर्यंत एक चूल इकडे आणि एक स्टोव्ह तिकडे. आणि दोघंही म्हणतात, त्याला सांगू नको, तिला सांगू नको. पोटात गोष्ट ठेवायची सवय मला नाही.

"अण्णा! आत या!" मी ओरडले. तो आला. "आता दोघंबी ऐका. आक्का, ह्यांना झू नको हाय. ह्यांना तुमी पायजे. ते पिंजरे, ते विभाग, सगळं तुमाला खाली न्ह्यायला. खोली बांधलीया, चूल घातलीया तुमच्यासाठी. आनि अण्णा, ह्यांना ढोरांची काय पडली न्हाई. तुमी दोन घास खावं म्हनून ह्या कोंबड्या बशिवत बसल्यात, गुडघ्यानं चालवत न्हाई तरी. दोघांच्या शानपनाला जोड न्हाई! आनि मधल्या मधी माझ्या पिठात टर्की बसला!"

बोलून झालं. आक्काने भावाकडे बघितलं.

"खरं व्हय रं, नारू?"

नारूअण्णाने खाली बघितलं. शिट्टी मुठीत धरली होती. गर्दीने भरलेल्या गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जे तो आयुष्यभर ओरडत आला, तेच तो अगदी हळू म्हणाला, "जागा हाय, आक्का."

आक्का खांब धरून उठली. मला वाटलं, आता चिडणार, दोघांनाही हाकलणार. ती भिंतीपाशी गेली आणि तिने खुंटीवरचं शेळीचं दावं काढलं. मग कालवडीचं काढलं. मग कोंबड्याची दोरी. ओळीने एकेक करत सगळी दावी काढून तिने हातावर घेतली आणि पदरात गुंडाळली. भिंत मोकळी झाली. नारूअण्णा मटकन उंबऱ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मीही डोळे पुसले, आणि त्यात पीठ गेलंय असं म्हणायलाही तिथे सोय नव्हती.

"रडतोस कशाला?" आक्का म्हणाली. "कोंबड्या धर आदी."

गवरी पिकअपमध्ये चढेना. ड्रायव्हरने ढकललं, अण्णाने शिट्टी वाजवली, मी शिव्या दिल्या. आक्काने आम्हा सगळ्यांना बाजूला केलं, कडेची दांडी धरत फळीवरून मागच्या बाजूला चढली आणि आत जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग म्हैस चढली, आपल्याच दाव्याने बांधलेली. करडं, शेळ्या, कालवड, कोंबड्यांच्या टोपल्या, एक कळशी, आक्काचं गाठोडं. नारूअण्णाने मागचं झाकण लावलं आणि दोन शिट्ट्या दिल्या. परतीच्या वाटेवर तो एकाही स्टॉपला शिट्टी वाजवायला विसरला. मागे म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बसलेल्या आक्काकडेच बघत होता.

रामनगरात गर्दी जमली. मोठं आकर्षण आलं म्हणून सगळे धावत आले आणि म्हैस बघून परत गेले. पाटीवर काय लिहिलंय, असं आक्काने विचारलं. अण्णाने वाचून दाखवलं. "लवकरच कशाला मग?" ती म्हणाली. "आलो न्हवं." अण्णाने ओल्या फडक्याने तो शब्द पुसायला घेतला. ऑइलपेंट होता, पुसला काही गेला नाही.

मग आक्का त्या खोलीत गेली. चूल बघितली, तोंड वाकडं केलं, म्हणाली उद्या मोडून नीट घालीन. खुंट्या मात्र हाताने चाचपून बघितल्या. पदरातली दावी काढून एकेक टांगली. सगळी टांगून झाली तरी टोकाची एक खुंटी उरली.

"ही कुनाची रं?"

नारूअण्णा पुढे आला. मग त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि तिथे अडकवली.

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. गिरण उघडली तेव्हा बाहेर चार डबे रांगेत होते, आणि भिंतीपलीकडे आक्का टर्कीला घालून पाडून बोलत होती.